उघड्या पाठीचा हेडफोन

"ओ काका! काढा ते कानावरलं! टँकर चालला ना हो!"

कदम गेटाला धरून असा ओरडत होता, की वस्तीमागच्या साताऱ्याच्या डोंगरावरचे मोर दचकून आणखी वर चढले. त्याच्या एका हातात हंडा, दुसऱ्या हातात पाइपाचं वेटोळं आणि कमरेला टॉवेल. तो टॉवेल धरायला तिसरा हात नसल्यामुळं आवाजात जरा जास्तच कळकळ उतरली होती.

आत व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत, पाटोदेकर काका डोळे मिटून बसले होते. कानांवर पुरणपोळीएवढे दोन काळे गोल. कदमचा आवाज ऐकून त्यांनी डोळे न उघडताच चौकातल्या पोलिसासारखा आधीच वर धरलेला उजवा तळवा आणखी उंच केला.

"थांबा कदम," ते म्हणाले. "खर्ज चाललाय. असा खर्ज जन्मात ऐकला नव्हता."

खर्ज खरोखरच चालला होता. गेटासमोरून, पोटात सगळ्या गल्लीचं पाणी घेऊन, पुढच्या गल्लीत.

हे कसं घडलं ते सांगायचं, तर आधी काका सांगायला हवेत. काकांनी सगळी नोकरी एका कचेरीत टाइपरायटरांच्या खडखडाटात काढली. घर शहरातल्या छावणी भागात, बाजाराच्या तोंडाशी. खाली पत्रे ठोकणारा, वर बँडवाल्यांची तालीम, आणि मधे काका. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, आता पुढं काय? काका म्हणाले, "आता मला शांतता ऐकायचीय." आणि त्यांनी बीड बायपासच्या पलीकडं, तुरीच्या शेतांच्या कडेला, रो-हाऊस घेतलं. त्या काळी इथं इतकी शांतता होती, की दुपारी तुरीच्या शेंगा वाळताना ऐकू यायच्या, असं काका सांगतात. मी तेव्हा इथं नव्हतो, त्यामुळं मला हे खोटं पाडता येत नाही.

पण शहराला त्यांचा पत्ता कुणी दिला कोण जाणे, तेही मागोमाग आलं. तुरीच्या जागी अपार्टमेंटं आली, अपार्टमेंटांबरोबर काँक्रीटचे मिक्सर आले, आणि दुष्काळाची सालं लागली तशा बोअरच्या गाड्या आल्या. दर प्लॉटात भोक पडू लागलं. पाणी लागायचं नाही, नुसती पांढरी भुकटी उडायची. पण आवाज असा, की थेट पाताळात कुणीतरी दाढ काढतंय.

काकांना छावणीतून एकच गोष्ट जशीच्या तशी आणता आली होती, ती म्हणजे काकू. काकू बोलतात. सकाळचा चहा उकळायला ठेवताना सुरू केलेलं त्यांचं वाक्य संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना संपतं, मधे स्वल्पविराम म्हणून जेवण. बोलणं सगळं काकांना उद्देशून. काकांचं उत्तर मात्र कुणी कधी ऐकलेलं नाही. कसं ऐकणार? काकांच्या कानांवर सदा ते दोन गोल. गल्लीचं यावर एकमत होतं. कदम तर उघडच म्हणायचा, "माणूस कानावर येवढं ओझं उगी चढवतंय व्हय? काकूपासनं सुटका पायजे, दुसरं काय नाय!"

आता हा हेडफोन म्हणजे तुमच्या-माझ्या कानातली बोंडं नव्हेत. एकदा मी तो सहज उचलायला गेलो आणि खांदा लचकला. काका मुंबईच्या एका दुकानातून असले हेडफोन पारखायला मागवत, पारखत, आणि बहुतेक परत पाठवत.

"यात कर्णा नसतो, सर," काका मला समजावत. मी शाळामास्तर, म्हणून मी त्यांचा 'सर'. "यात पडदा असतो. उडदाच्या पापडाहून पातळ. दोन्ही अंगांना चुंबकाच्या पट्ट्या, मधे पापड ताणलेला. सूर आला की अख्खा पापड एकदम हलतो. आणि ही बघा, पाठ उघडी! नुसती जाळी. आवाजाला अंगण पाहिजे हो! बंद पाठीचा हेडफोन म्हणजे खिडकी नसलेला फ्लॅट. आवाज आत येतो, भिंतीवर डोकं आपटतो आणि तिथंच म्हातारा होतो."

आवाजाची त्यांची सगळी परिभाषा ताटातली. खर्ज ज्वारीच्या भाकरीसारखा पाहिजे, पोटाला लागला पाहिजे पण पोट फुगता कामा नये. मधले सूर म्हणजे वरण. तिथं खोट असली, की वरून कितीही तूप ओता. आणि वरचे सूर ठेच्यासारखे: झणका बसावा, पण डोळ्यांत पाणी येऊ नये. एकदा मुंबईच्या दुकानात फोन लावून काकांनी पहिलंच वाक्य टाकलं, "तुमचं वरण पातळ आहे." पलीकडचा म्हणाला, "राँग नंबर," आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला. "आणि ठेचा नुसताच तिखट आहे." त्यानं जवळच्या खानावळीचा नंबर दिला म्हणतात.

पारखायचा विधी तर सत्यनारायणाहून मोठा. आदल्या दिवशी कटिंग, कारण कानाशी केस आले की गादी नीट बसत नाही. चष्मा काढायचा, कारण काडीच्या फटीतून खर्ज गळतो. फ्रीज बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढलेला. आणि मे महिन्याच्या त्या उन्हात, कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसलेले असताना, पंखाही बंद. घामाच्या धारांत काका डोळे मिटून बसत. सगळ्या घरात फक्त काकू चालू. त्यांना बटण नव्हतं.

आणि रेकॉर्डिंग एकच. कुणा जुन्या बुवांचं. बुवांचं नाव काका कानाची पाळी धरूनच घ्यायचे, आणि तेही इतकं पुटपुटत, की मला अजून कळलेलं नाही. पहिला मोठा भाग नुसता तंबोरा. पाहुणा कोणीही असो, गॅसवाला असो की मतदारयादीवाला, काका त्याच्या डोक्यावर ते ओझं चढवत आणि तोंडी परीक्षा घेत.

"अंगण दिसलं?"

"दिसलं," मी पहिल्याच खेपेला घाबरून म्हणालो.

"तंबोरा कुठंय?"

"डावीकडं?"

"चूक! नीट बघा. तुळशीपाशी बसलाय. आणि बुवा?"

"ओसरीवर."

"वा! आणि पखवाज?"

"पखवाज... गोठ्यात?"

काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पण हा माणूस आम्ही गल्लीनं डोक्यावर घेतला होता, कारण त्याचे कान आम्हाला पाणी पाजत होते. अतिशयोक्ती नाही ही. जायकवाडीचं एवढं मोठं धरण इथून तासाभराच्या अंतरावर, आणि आमच्या वस्तीत नळाची तोटी फक्त हार्डवेअरच्या दुकानात. बोअर सगळे आटलेले. चार दिवसांतून एकदा टँकर यायचा, तो भर दुपारी. चालक सलीमभाई कोपऱ्यावर एक हॉर्न द्यायचा, कुणी दिसलं तर थांबायचा, नाही तर पुढच्या गल्लीत. त्याचाही नाइलाज; मागून दहा गल्ल्या त्याच्या नावानं बोंबलत असायच्या. आणि आम्ही दुपारी दारं लावून, कोरड्या कूलरच्या घरघराटात पडलेले. म्हणून गल्लीनं ठराव करून काकांना नेमलं. हुद्दा: कान.

काकांनी तो हुद्दा असा चालवला, की विचारू नका. टँकर पार तिकडं करमाडला असतानाच ते खुर्चीत ताठ व्हायचे. शिवाजीनगरचं रेल्वेफाटक ओलांडलं, की म्हणायचे, "आज टाकी पूर्ण भरलेली नाही, पाणी डुचमळतंय." मग गल्लीच्या मधोमध उभं राहून एकच हाळी: "आ-ला-य!" त्यांची ही हाळी शुद्ध पंचमात असायची. हंडे, बादल्या, पाइप, सासवा, सुना, सगळं एका दमात बाहेर. दोन उन्हाळे आमच्या गल्लीचा एक टँकर चुकला नाही.

आणि मग मुंबईहून तो पुरणपोळ्यांचा नवा जोड आला.

सगळा विधी झाला. काका बसले. बुवांची आलापी अगदी खाली उतरत होती, आणि त्याच वेळी सलीमभाईचा टँकर गेटासमोर येऊन थांबला. इंजिन चालूच. घर्र... घर्र... घर्र... उघडी पाठ! जाळीतून तो सगळा घर्र आत, बुवांच्या षड्जाखाली येऊन बसला. काकांच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर ज्या भाकरीसाठी जीव टाकला, ती भाकरी शेवटी पोटाला लागली.

"पण हॉर्नचं काय?" नंतर मी विचारलं.

काकांनी मान खाली घातली. "मला वाटलं, शंख आहे. मी मनात म्हटलं, बघा, या रेकॉर्डिंगमध्ये शंख आहे आणि आजवरच्या एकाही हेडफोननं मला तो सांगितला नव्हता!"

सलीमभाईची बाजू त्याहून सरळ होती. "एक हॉर्न मारा. दूसरा भी मारा," तो म्हणाला. "चचा आँखाँ बंद करके हाथ ऊपर करे. मैं समझा, आज नक्को बोल रै. मैं निकल गया."

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, आणि घरात पाणी होतं ते फक्त गौरीच्या कलशात मावेल एवढं. आमच्या मंडळींनी चहात पाण्याचा थेंब न घालता नुसत्या दुधाचा चहा केला. पाहुण्यांना वाटलं, घर भलतंच खातंपितं आहे. लग्न जमलं. पण हे माझं झालं. बाकीच्या गल्लीचं काय? कदमकडं तर पाचोडहून त्याचा सगळा गोतावळा बाजार करून मुक्कामी आलेला. हात धुवायला पाणी नाही म्हणून त्यांनी रात्रीचं मटण चमच्यानं खाल्लं. पाचोडच्या माणसाला चमच्यानं मटण खायला लावणं हा अपमान कदम विसरणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर सभा भरली.

"काका," कदम म्हणाला, "तुमचा मान लई हाय. पण आता एकच काय ते. एकतर ते जाळीचं परत धाडा, नाय तर कान सोडा."

आम्हाला वाटलं, काका हेडफोन परत धाडतील. हुद्द्यावर त्यांचा फार जीव. आजारी माणूससुद्धा त्यांना 'काय कान, कसं काय?' म्हणून विचारायचा, आणि काका फुलायचे. त्यांनी थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं धूळ उकरली.

"दुसरं काहीही सांगा," ते म्हणाले.

"बरं, मग बंद पाठीचा घ्या," मी मधला मार्ग काढला. "निदान टँकरचा आणि बुवांचा घोटाळा तरी व्हायचा नाही."

"अहो सर, बंद पाठीचा घातला, तर त्यांना बॉम्बस्फोट ऐकू यायचा नाय, टँकर कुठला?" कदम माझ्यावर उखडला.

"बंद पाठीचा नाही," काका एकदम जोरात म्हणाले. "तो घ्यायचा नाहीच आहे. उघडा हा राहणार. कान तुमचे तुम्ही सांभाळा."

आणि उठून घरी गेले. कदमनं कपाळाला हात लावला. "बघा सर! बायकूला सोडंल, पण जाळी सोडणार नाय ह्यो माणूस!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं.

मग कदमनं कारभार हातात घेतला. त्यानं आधुनिक पद्धत आणली: सलीमभाईला मोबाइल करायचा. पद्धत उत्तम होती. अडचण एवढीच, की सलीमभाई मोबाइल डिझेलच्या कॅनशेजारी ठेवायचा आणि इंजिनच्या घरघरीत त्याला रिंग ऐकू यायची नाही. पुढचा टँकर गेला. त्याच्या पुढचा टँकर पकडायला कदम स्वतः कोपऱ्यावर खाट टाकून बसला. तिथंच त्याला असा डोळा लागला, की टँकर खाटेला वळसा घालून गेला. आठवडाभरात गल्लीची दशा अशी, की माणसं एकमेकांना वासावरून ओळखू लागली.

शेवटी सगळी गल्ली काकांच्या व्हरांड्यात. पुढं कदम, हातात नारळ.

"चुकलं काका. ठेवा तुमची जाळी. पण आम्हाला पाणी पाजा."

काकांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. उलट स्वतःच एक शिस्त लावून घेतली: खर्ज आवडला, की आधी एक कान मोकळा करून रस्त्याकडं बघायचं. त्यामुळं बुवांनी जरा कुठं बरा सूर लावला, की काका एक पोळी उचलून गेटाकडं संशयानं पाहत. त्या उन्हाळ्यात बुवांच्या गाण्यावर एवढा अविश्वास दुसऱ्या कुणी दाखवला नसेल. पण टँकर पुन्हा चुकला नाही.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. बोअरांना कंठ फुटला, टाक्या भरल्या, टँकर बंद. सलीमभाई आता वाळू वाहतो. कानाचा हुद्दा आपोआप विसर्जित झाला. पण पाणी आलं म्हटल्यावर शहर आणखी फुगलं, आणि काकांच्या कंपाउंडला लागून एक मंगल कार्यालय उभं राहिलं. लॉन्स म्हणतात त्याला. तिथला डीजे सुरू झाला, की आमच्या डब्यातली तूर सोलून निघायची. आणि काका आपले त्या उघड्या जाळ्या घालून, मधे बसलेले! बुवांच्या तंबोऱ्यात नवरदेवाच्या मित्रांचा नाच.

मला बघवेना. माझे नवे जावई, तेच ते दुधाच्या चहानं पटलेले, पुण्याला असल्याच यंत्रांच्या धंद्यात आहेत. त्यांच्याकडून मी एक उत्तम बंद पाठीचा हेडफोन आणवला आणि काकांपुढं ठेवला.

"एकदा पारखा तर."

काका नाही म्हणाले नाहीत. पारखायला ते कुणाचं काहीही घेतात. सगळा विधी झाला. कटिंग, चष्मा, फ्रीज, घड्याळ, पंखा. शेजारी डीजे खणखणीत चालू. काकांनी तो कानांवर चढवला आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा छावणीतून इथं आल्याच्या पहिल्या दुपारी झाला असणार. गाणं संपेस्तोवर ते हलले नाहीत.

"काय?" मी खुणेनंच विचारलं.

त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला. "भाकरी उत्तम. वरण दाट. ठेचा जिथल्या तिथं. तंबोऱ्याच्या चारी तारा सुट्या झाल्या, सर. डीजे नाहीच. काहीच नाही. इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नाही."

"आणि अंगण?"

"अंगण जरा लहान. पण पैकीच्या पैकी."

मी छाती काढून घरी आलो. जावयांना फोन केला. कदमला सांगितलं, तो म्हणाला, "सुटला बिचारा. आता डीजे बी नाय आन् काकू बी नाय."

दोन दिवसांनी गेलो तर माझा हेडफोन खोक्यात, सुतळी बांधून, दाराशी ठेवलेला. काका खुर्चीत, कानांवर पुन्हा त्याच जाळीदार पुरणपोळ्या. शेजारी हळदीचा डीजे भिंत हलवत होता. काकू उंबऱ्यात मेथी निवडत होत्या आणि बोलत होत्या.

"...तर मी म्हणलं, अगं ही मेथी आहे का झाडू, नुसत्या दांड्याच दांड्या. आपल्याकडं त्या बाई आणायच्या बघा मेथी, छावणीत, पलीकडच्या बोळातल्या, ती कशी कोवळी लुसलुशीत, ज्यांच्या सुनेला जुळं झालं, काय बाई नाव त्यांचं, ओठावर आहे अगदी..."

"इंदूबाई," काका म्हणाले. डोळे मिटलेलेच.

"हां, इंदूबाई. तर त्या इंदूबाईंची मेथी..."

काकूंनी वर पाहिलं नाही. काकांनी डोळे उघडले नाहीत. डीजेच्या त्या गदारोळात, तंबोऱ्याच्या चार तारांखालून, ते नाव नुसतं आलं आणि मेथीत जाऊन बसलं. मी दाराशीच उभा. मला काकूंचं निम्मं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि माझ्या कानांवर तर काहीच नव्हतं.

मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी एक पोळी उचलली.

"काका, अहो टँकर नाही, हुद्दा नाही. शेजारी हा धिंगाणा. त्या बंद पाठीच्याला तर तुम्ही पैकीच्या पैकी दिले होते! मग परत का?"

काकांनी पोळी तशीच उचललेली धरली आणि म्हणाले, "त्यात हिचं ऐकू येत नाही."